यादीतून गळालेल्यांचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

सरकारी योजनेचं मूल्यमापन म्हटलं की एक प्रश्न हमखास पुढे येतो: अपात्र असून किती जणांनी लाभ उकळला? मंत्रालयात हाच प्रश्न, पेपरात हाच, चहाच्या टपरीवरही हाच. त्याच्या उलटा प्रश्न क्वचितच कानावर पडतो. पात्र असून किती जण राहून गेले? आज मला या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. कारण पहिल्याचं उत्तर शोधायला सरकारं आता कृत्रिम बुद्धिमत्तेला, म्हणजे एआयला, कामाला लावू लागली आहेत. ती ते झपाट्याने शोधतेही. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र ती अडते, कारण जो राहून गेला त्याची नोंदच तिच्यापुढे आलेली नसते.

शेजारच्या तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची यंत्रणा उभी राहिली. वाहन नोंदणी, मालमत्ता अशा कितीतरी खात्यांच्या नोंदी एकत्र आणायच्या, त्यातला कुठला माणूस म्हणजे कुठला हे संगणकाने जुळवायचं आणि त्यावरून कुटुंब गरीब आहे की नाही हे ठरवायचं, असं तिचं काम. हैदराबादमधल्या एका वृद्ध विधवेला त्यामुळे रेशनचं धान्य नाकारलं गेलं. का? तर म्हणे घरात मोटार आहे. तिचे पती हयातभर रिक्षा ओढत होते. मोटार होती ती त्यांच्याशी मिळतंजुळतं नाव असलेल्या भलत्याच माणसाची. एवढी साधी चूक सुधारून घ्यायला त्या बाईंना थेट हायकोर्टाची पायरी चढावी लागली.

तेलंगणात 2014 ते 2019 या काळात 18 लाखांहून जास्त रेशनकार्डं रद्द झाली. ती सगळीच संगणकाच्या जुळवाजुळवीने गेली असं मी म्हणणार नाही, पण रद्द करण्याआधी कार्डधारकांना साधी नोटीससुद्धा मिळाली नव्हती. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि एप्रिल 2022 मध्ये कोर्टाने रद्द कार्डांची प्रत्यक्ष फेरतपासणी करायला सांगितलं. तेव्हा कुठे सरकारी माणसं पुन्हा घरोघरी फिरली आणि त्यातली हजारो कुटुंबं पात्र असल्याचं निघालं. तोवर त्या घरांनी किती महिने बाजारभावाने तांदूळ आणला असेल, याचा हिशेब कुठल्याच मूल्यमापनाच्या अहवालात बसत नाही.

आता हीच नावांची जुळवाजुळव आपल्याकडे करून बघा. जाधव आडनाव इंग्रजीत कुणी शेवटी व्ही लावून लिहितं, विदर्भात कुणी ओ लावून. आपल्या बायकांचं तर विचारूच नका. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. आडनावही बदलतं, आणि काही घरांत तर पहिलं नावसुद्धा. बँकेचं पासबुक माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या, शाळेचा दाखला तिसऱ्याच स्पेलिंगचा. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून अजून वारलेले सासरे. तलाठ्याला किंवा ग्रामसेवकाला ही एकच बाई आहे हे बघताक्षणी कळतं. संगणक तिथे फक्त एक शक्यता सांगतो: हे दोघं एकच असावेत, किंवा नसावेत. त्या ‘असावेत’चा ‘आहेत’ कुठल्या टेबलावर होतो, ते शोधलं पाहिजे. सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे.

आपल्याकडच्या लाडकी बहीण योजनेचंच घ्या. 2024 मध्ये योजना सुरू झाली, महिना 1500 रुपये. पुढच्याच वर्षी निरनिराळ्या खात्यांच्या माहितीशी पडताळणी करून 26 लाख 34 हजार लाभार्थ्यांचे पैसे जून 2025 पासून थांबवल्याचं खुद्द महिला व बालविकास मंत्र्यांनी सांगितलं. त्यात हजारो पुरुषांची नावं निघाली, त्याची बातमीही गाजली, आणि गाजायलाच हवी होती. ही पडताळणी एआयने झाली असा माझा दावा नाही. पात्र ठरतील त्यांचे पैसे पुन्हा सुरू करू, असंही सरकारने तेव्हाच म्हटलं. माझा मुद्दा क्रमाचा आहे. आधी पैसे बंद, मग चौकशी. ज्या घरात त्या दीड हजारातून गॅसची टाकी येते, त्या घराला हा क्रम परवडत नाही.

अंगणवाडीत तर कॅमेराच आला आहे. पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये जुलै 2025 पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई आली की सेविकेने मोबाईल तिच्या तोंडासमोर धरायचा आणि आधारवरच्या फोटोशी चेहरा जुळतोय का बघायचं. फोटो दहा वर्षांपूर्वीचा, बाळंतपणानंतर चेहरा उतरलेला, आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, नवरा ऊसतोडीला गेलेला, आणि गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. सेविका त्या बाईला तिच्या माहेरच्यांपासून ओळखते, पण तिच्या ओळखीला अ‍ॅपच्या लेखी किंमत नाही. वर अहवालात मात्र एवढंच दिसणार, की खऱ्या लाभार्थ्यांपर्यंत आहार पोचला. जुळला नाही म्हणून परत गेलेला चेहरा त्या आकड्यात येणार कुठून?

मग एआय वापरूच नये का? माझं मत तसं नाही. पण ‘नीतीने वापरू’ हे म्हणायला सोपं, करायला किती अवघड आहे, ते ॲमस्टरडॅमने अनुभवलं. नेदरलँड्सला आधीच मोठा चटका बसलेला होता. बालसंगोपन भत्त्यात फसवणूक केली असा हजारो पालकांवर खोटा ठपका आला, धोका कुणात जास्त हे ठरवणाऱ्या यंत्रणेत नागरिकत्वही मोजलं जात होतं, आणि त्यापायी जानेवारी 2021 मध्ये तिथलं अख्खं मंत्रिमंडळ पायउतार झालं. त्यामुळे ॲमस्टरडॅम शहराने निर्वाह भत्त्याचे अर्ज तपासणारं ‘स्मार्ट चेक’ बनवताना अगदी ताकही फुंकून प्यायलं. लिंग, वय, नागरिकत्व काहीच विचारात घेतलं नाही. बाहेरच्या तज्ज्ञांना दाखवलं. लाभार्थ्यांच्या प्रतिनिधींना विचारलं. त्यांनी तर हे नकोच म्हणून सांगितलं. पहिल्या चाचणीत ते परदेशी वंशाच्या लोकांवर जास्त संशय घेतंय असं दिसलं, म्हणून ते दुरुस्त केलं. 2023 मध्ये खऱ्या अर्जांवर चालवलं, तर आता त्याचा संशय डच नागरिकांवर आणि बायकांवर जास्त! शिवाय फसवणूकही काही जास्त सापडेना. शेवटी शहराने ते बाजूला ठेवलं. मला यातलं सगळ्यात नैतिक पाऊल हेच शेवटचं वाटतं. केलेल्या खर्चाकडे बघून रेटलं नाही.

मला विचाराल तर हे तंत्र उलट्या दिशेने लावावं. एखाद्या कार्डावर तीन महिने धान्य उचललेलं नाही, तर आपण ते कार्ड बोगस समजतो. तिथे यंत्राने पुरवठा निरीक्षकाला सांगावं, या घरी जाऊन या, म्हातारी एकटी आजारी असेल किंवा मशीनवर अंगठा उमटत नसेल. एखाद्या तालुक्यात चेहरा न जुळण्याचं प्रमाण अचानक वाढलं, तर चौकशी अ‍ॅपची व्हावी, बायकांची नव्हे. कुठल्या घराचं दार वाजवायचं हे यंत्राने सुचवायला माझी हरकत नाही. नाव कापायचं असेल तर खाली अधिकाऱ्याची सही हवी, आणि सही करणाऱ्याने त्या माणसाचं म्हणणं आधी ऐकलेलं हवं. आपल्याकडे वसुलीची नोटीस घर शोधत येते. नाव कमी झाल्याचं मात्र बँकेत पैसे काढायला गेल्यावर कळतं.

रोजगार हमीच्या कायद्याने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा, म्हणजे कामांचा हिशेब गावानेच तपासण्याचा, अधिकार दिला, गावासमोर हजेरीपट वाचून दाखवण्याची पद्धत आणली. तसंच इथेही करता येईल. पुढच्या ग्रामसभेला गेलात तर लाभार्थ्यांची यादी मागाच, पण तिच्याबरोबर दुसरी यादीही मागा: गेल्या वर्षभरात कुठल्या योजनेतून कितीजण कमी झाले, कोणत्या कारणाने, आणि त्यातल्या किती घरी कुणी प्रत्यक्ष जाऊन आलं. उत्तर ‘वरून सिस्टीमनेच कमी केलंय’ असं आलं, तर तेच वाक्य ग्रामसेवकाला इतिवृत्तात लिहायला लावा.

नमस्कार.