सात दिवस की तीस दिवस? : नॅशव्हिलमधील विकास-अर्थशास्त्राचा वर्ग

(लघु माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य : मॅग्नोलियाच्या झाडांखालून जाणारी पायवाट, कॅल्हून हॉलचे प्रवेशद्वार]

अमेरिकेतील टेनेसी राज्याची राजधानी असलेले नॅशव्हिल हे शहर जगाला त्याच्या संगीतामुळे माहीत आहे. या शहराच्या वेस्ट एंड रस्त्याला लागून व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा परिसर आहे आणि तो झाडांनी इतका समृद्ध आहे की, १९८८ पासून त्याला वृक्षोद्यानाचा दर्जा मिळालेला आहे. परिसरातील कॅल्हून हॉल ही अर्थशास्त्र विभागाची इमारत, आणि आर्थिक विकास या विषयाचा जो पदव्युत्तर अभ्यासक्रम या विद्यापीठाने १९५६ मध्ये सुरू केला, तो आज याच विभागाकडून चालवला जातो.

या अभ्यासक्रमाला विकसनशील देशांच्या मध्यवर्ती बँकांतून, अर्थ मंत्रालयांतून, नियोजन आणि सांख्यिकी खात्यांतून अधिकारी येतात, आणि त्यांच्याबरोबर नुकतीच पहिली पदवी घेतलेले तरुणही असतात. त्यामुळे देशाच्या अंदाजपत्रकाचे तक्ते स्वतःच्या हाताने तयार केलेला अधिकारी आणि अंदाजपत्रक फक्त वर्तमानपत्रात वाचलेली विद्यार्थिनी एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेले दिसतात. सुरुवातीला मात्र दोघांच्याही वाट्याला गणितच येते.

[दृश्य : फळ्यावरची समीकरणे; खोडून पुन्हा लिहिणारा हात]

कलनशास्त्र, आव्यूह (मॅट्रिक्स), संभाव्यता आणि मर्यादित साधनांत अधिकाधिक लाभ मिळवण्याची लाग्रांजची पद्धत, एवढी शिदोरी झाल्याशिवाय पुढचा एकही विषय उघडत नाही. ज्यांनी या विषयाची वही दहा वर्षांत हातात घेतलेली नाही, त्यांच्यासाठी हा काळ अवघड असतो. आपल्या कार्यालयात ज्यांच्या सहीशिवाय नस्ती पुढे सरकत नाही, ते येथे आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या वर्गमित्राला सोडवलेले उदाहरण पुन्हा एकदा समजावून देण्याची विनंती करतात, आणि तो लहान वर्गमित्र काही महिन्यांनी याच अधिकाऱ्याला विचारतो की, बँकांनी मध्यवर्ती बँकेकडे ठेवायच्या राखीव निधीचे प्रमाण बदलण्याचा निर्णय प्रत्यक्षात कोणत्या बैठकीत आणि कोणाच्या आग्रहाने होतो. ही देवाणघेवाण अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात कोठेही छापलेली नसते. पण आमच्या मते तिच्याइतके मोलाचे येथे दुसरे काही नाही.

[दृश्य : संगणक कक्ष, रात्रीची वेळ, पडद्यावर आकड्यांचे रकाने]

आमच्या कॅमेऱ्याने सर्वाधिक वेळ ज्या कामावर घालवला, ते काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल. पडद्यावर दिसते आहे ती एका कौटुंबिक नमुना पाहणीची सामग्री. प्रत्येक ओळ म्हणजे एक कुटुंब आणि प्रत्येक रकाना म्हणजे त्या कुटुंबाला विचारलेला एक प्रश्न. स्टाटा या संगणक प्रणालीत ही सामग्री उघडून दरडोई मासिक खर्चाची सरासरी काढायची, असे वरवर सोपे काम विद्यार्थ्यांना दिले जाते. पहिले उत्तर हमखास चुकते. एखाद्या रकान्यात ९९९९ हा आकडा वारंवार आलेला असतो आणि तो खर्च नसून ‘उत्तर मिळाले नाही’ याची खूण असते. ती खूण न ओळखता सरासरी काढली, तर अत्यंत गरीब कुटुंब कागदावर श्रीमंत होऊन जाते. महिनाभरात अन्नावर काहीच खर्च झाला नाही असे सांगणारे कुटुंब आढळते, आणि मग कळते की त्याने सगळे धान्य स्वतःच्या शेतातून आणले होते व त्याची किंमत दुसऱ्याच रकान्यात लिहिलेली होती. अशा प्रत्येक ठिकाणी काय केले आणि का केले, हे एकेका ओळीत नोंदवून ठेवावे लागते, म्हणजे दुसऱ्या कोणीही त्याच पायऱ्यांनी त्याच उत्तरापर्यंत पोहोचू शकेल.

यानंतर येतो तो विकास-अर्थशास्त्राच्या वर्गांत वर्षानुवर्षे चर्चिला जाणारा भारताचा दाखला. भारताच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने १९९९-२००० च्या फेरीत कुटुंबांना अन्नपदार्थांवरील खर्च दोन प्रकारे विचारला : गेल्या सात दिवसांत किती आणि गेल्या तीस दिवसांत किती. त्याआधीच्या काही लहान फेऱ्यांत ही दोन्ही मापे वेगवेगळ्या कुटुंबांवर वापरून पाहिलेली होती आणि सात दिवसांच्या प्रश्नातून खर्च बराच जास्त येतो, हे दिसून आलेले होते. या फेरीत मात्र दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबाला, एकाच बैठकीत, शेजारच्या रकान्यांत विचारले गेले. सात दिवसांचे उत्तर नुकतेच दिलेला माणूस तीस दिवसांचे उत्तर देताना साहजिकच मनातल्या मनात गुणाकार करणार, म्हणजे तीस दिवसांचा आकडाही फुगणार, आणि त्यामुळे आधीच्या फेऱ्यांशी तुलना करणे अवघड होऊन बसले. अधिकृत अंदाजानुसार दारिद्र्यरेषेखालील लोकसंख्येचे प्रमाण १९९३-९४ मधील सुमारे ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले होते. या घसरणीतील किती भाग खरा आणि किती भाग प्रश्नावलीचा, यावर अर्थशास्त्रज्ञांत पुढे मोठा वाद झाला. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी ज्या वस्तूंच्या प्रश्नांत बदल झालेला नव्हता, त्यांच्या आधारे दुरुस्त अंदाज काढण्याची रीत मांडली, आणि त्या रीतीने पाहता घसरण खरी होती, परंतु अधिकृत आकड्याहून कमी होती.

[दृश्य : विद्यार्थिनी दोन आलेख एकमेकांवर ठेवून पाहते]

वर्गात हा दाखला देण्यामागे भारताची चूक काढणे हा हेतू नसतो. येथे बसलेल्या अनेकांना उद्या आपापल्या देशात अशीच प्रश्नावली छापायला पाठवायची आहे, आणि दोन रकाने शेजारी ठेवायचे की वेगळ्या पानांवर, हा निर्णय बहुधा त्यांच्यापैकीच कोणाच्या टेबलावर होणार आहे. सरकारे या प्रशिक्षणावर आणि आपल्या अधिकाऱ्याच्या दीर्घ रजेवर पैसा खर्च करतात, तेव्हा त्यातून नेमके काय मिळते, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. त्या प्रश्नाचे आमचे उत्तर या खोलीत आहे.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रे, नॅशव्हिलचा मध्यवर्ती भाग]

हा अभ्यासक्रम जेव्हा सुरू झाला, तेव्हाचे नॅशव्हिल आजच्यासारखे नव्हते. आशिया आणि आफ्रिकेतील देश एकामागून एक स्वतंत्र होत होते, त्यांना नियोजनासाठी अर्थशास्त्रज्ञ हवे होते, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतील ज्या शहरात त्यांना शिकवण्याची सोय उभी राहिली, तेथे शाळा, बस आणि उपाहारगृहे वर्णानुसार विभागलेली होती. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये, कृष्णवर्णीय मुलीला पहिल्या इयत्तेत प्रवेश दिला म्हणून येथील हॅटी कॉटन ही शाळा स्फोटाने उडवण्यात आली. १९६० च्या फेब्रुवारीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी दुकानांतील उपाहारगृहांत बसून सत्याग्रह सुरू केला, आणि त्यांना अहिंसेचे प्रशिक्षण देणारे जेम्स लॉसन हे व्हँडरबिल्टचेच विद्यार्थी होते; त्यांना विद्यापीठाने मार्च महिन्यात काढून टाकले. विद्यापीठात पहिले कृष्णवर्णीय पदवीपूर्व विद्यार्थी दाखल झाले ते १९६४ मध्ये. अशा शहरात पहिल्या तुकड्यांतील परदेशी विद्यार्थी कसे वावरले, याचे चित्रण उपलब्ध नाही. त्यामुळे आम्हीही येथून पुढे जातो.

[दृश्य : निकोलस जॉर्जेस्कू-रोगेन यांचे छायाचित्र]

छायाचित्र उपलब्ध आहे ते या शिक्षकांचे. निकोलस जॉर्जेस्कू-रोगेन यांचा जन्म १९०६ मध्ये रुमानियातील कोन्स्तान्ता येथे झाला. युद्धानंतर कम्युनिस्ट राजवट आली तेव्हा ते जहाजात लपून देशाबाहेर पडले, आणि पुढे १९७६ मध्ये निवृत्त होईपर्यंत व्हँडरबिल्टमध्ये शिकवत राहिले. मूळचे ते गणिती आणि संख्याशास्त्रज्ञ. प्रत्येक उत्पादनात उपयोगी ऊर्जेचा आणि द्रव्याचा ऱ्हास होतच असतो, तेव्हा अर्थव्यवस्थेची वाढ अनंत काळ चालू शकत नाही, असे त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. वाढ कशी साधावी हे शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना वाढीच्या मर्यादेचा हा भाष्यकार शिक्षक म्हणून लाभला, हा योगायोग कोणत्याही नियोजन मंडळाच्या आराखड्यात बसला नसता.

[दृश्य : विद्यापीठातील जुनी नोंद; मुहम्मद युनूस यांचे तरुणपणीचे छायाचित्र]

त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक चितगावच्या महाविद्यालयात व्याख्याता होता. मुहम्मद युनूस १९६५ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आले, कोलोरॅडोतील बोल्डर येथे उन्हाळा घालवून नॅशव्हिलला पोहोचले आणि आर्थिक विकासाच्या याच अभ्यासक्रमात दाखल झाले. डॉक्टरेट पूर्ण होत आली असताना ते जवळच्या मर्फ्रीसबरो येथील विद्यापीठात शिकवू लागले होते. १९७१ च्या मार्चअखेरीस ढाक्यातील हत्याकांडाची बातमी आली, तेव्हा नॅशव्हिल परिसरातील मूठभर बंगाली मंडळींनी एकत्र जमून नागरिक समिती स्थापन केली, आपल्या कमाईतून निधी उभा केला, आणि युनूस यांच्या संपादनाखाली बांगलादेशाविषयीचे वार्तापत्र काढून ते सगळीकडे पाठवायला सुरुवात केली. परदेशात शिकणाऱ्याचे आयुष्य वर्ग आणि ग्रंथालय यांच्यातच संपत नाही, याचा याहून ठळक दाखला देता येणार नाही. १९७२ मध्ये ते मायदेशी परतले, चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवू लागले, १९७४ चा दुष्काळ त्यांनी पाहिला, आणि १९७६ मध्ये शेजारच्या जोबरा गावातील ४२ जणांना मिळून ८५६ टका (बांगलादेशाचे चलन) कर्ज दिले. गरिबांना अशी छोटी कर्जे देण्याच्या या कामातून उभी राहिलेली ‘ग्रामीण बँक’ १९८३ मध्ये कायद्याने बँक झाली. २००६ मध्ये त्यांना व बँकेला शांततेचे नोबेल मिळाले आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते बांगलादेशाच्या अंतरिम सरकारचे मुख्य सल्लागार झाले.

[दृश्य : सेंटेनियल पार्कमधील पार्थेनॉन; पायऱ्यांवर बसलेले विद्यार्थी]

परिसरापासून चालत जाण्याच्या अंतरावर अथेन्समधील पार्थेनॉनची पूर्णाकृती प्रतिकृती आहे. टेनेसी राज्याच्या शताब्दी प्रदर्शनासाठी ती १८९७ मध्ये तात्पुरती उभारली गेली, लोकांना आवडली, आणि १९२० च्या दशकात काँक्रीटमध्ये पुन्हा बांधण्यात आली. परीक्षा संपल्यावर विद्यार्थी येथे येतात. याच पायऱ्यांवर कोणी आपल्या मुलाशी दूरध्वनीवर बोलतो, कोणी शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता कशावर खर्च करायचा याचा हिशेब मांडतो, आणि कोणी व्हिसाच्या मुदतीची तारीख पुन्हा एकदा तपासतो.

[दृश्य : संगणकावरील दूरदृश्य बैठक; वेगवेगळ्या देशांतील माजी विद्यार्थी]

माजी विद्यार्थ्यांची बैठक भरते ती अशी, पडद्यावरच्या चौकोनांत. कोणी मध्यवर्ती बँकेत संशोधन विभाग सांभाळतात, कोणी करखात्यात आहेत, कोणी आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांत, आणि काही जण मायदेशी परतलेच नाहीत. बोलण्याच्या ओघात कोणता माणूस कोणत्या काळातील, हे त्याच्या तोंडी बसलेल्या दारिद्र्यरेषेवरून ओळखता येते. जागतिक बँकेने १९९० मध्ये दिवसाला एक डॉलर ही आंतरराष्ट्रीय रेषा रूढ केली. निरनिराळ्या देशांतील किमतींची नवी तुलना हाती आली की ती बदलत गेली. २००८ मध्ये ती १.२५ डॉलर झाली, २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि २०२५ च्या जूनमध्ये ३ डॉलर. एकाने सव्वा डॉलर म्हटले की दुसरा हसतो आणि त्याला तुकडीचे वर्ष विचारतो. मात्र बोलणे लवकरच कामावर येते. एका देशात महागाई निर्देशांकाचे पायाभूत वर्ष, म्हणजे किमतींची तुलना ज्या वर्षाशी करायची ते वर्ष, बदलायचे आहे आणि घरभाड्याचे भारांकन कसे करावे, म्हणजे निर्देशांकात त्याला किती वाटा द्यावा, यावर त्यांचे एकमत नाही. शेजारच्या देशाने हेच काम आधी केले असल्यामुळे तेथील वर्गमित्र आपली टिपणे पाठवण्याचे कबूल करतो. शासकीय पत्रव्यवहाराने याच कामाला किती महिने लागले असते, हे सरकारी नोकरी केलेल्या प्रेक्षकांना सांगायला नको.

[दृश्य : वर्ग, टेबलावर सहा शोधनिबंधांच्या प्रती]

दरम्यान नवी तुकडी एका जुन्या प्रश्नाकडे वळली आहे. सूक्ष्मकर्जाने, म्हणजे युनूस यांनी दिली तशा छोट्या कर्जांनी, गरिबी हटते का, हे तपासण्यासाठी बोस्निया-हर्झेगोविना, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांत प्रयोग झाले. कर्जाची सोय कोणत्या भागांना किंवा कोणत्या अर्जदारांना आधी मिळावी, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवण्यात आले आणि मग दोन्ही गटांची तुलना करण्यात आली. २०१५ मध्ये त्यांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. कर्ज मिळाल्याने काही कुटुंबांना व्यवसाय वाढवता आला, खर्च आणि जोखीम आपल्या सोयीने सांभाळता आली. परंतु सरासरी उत्पन्नात सर्वत्र ठोस वाढ दिसली नाही. या अभ्यासक्रमाच्या सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थ्याची कल्पना येथे त्याच्याच अभ्यासक्रमाच्या मापाने मोजली जाते, आणि आम्हाला यात अनादर दिसत नाही.

चर्चेत दोन बाजू पडतात. एका विद्यार्थ्याचे म्हणणे असे की, सरासरी लहान असली तरी ज्यांचा व्यवसाय आधीपासून चालू होता त्यांना मोठा फायदा झालेला असू शकतो, तेव्हा सरासरीवर थांबू नये. त्याच्या समोर बसलेली विद्यार्थिनी विचारते की, कर्ज देऊ केलेल्यांपैकी प्रत्यक्षात ते किती जणांनी घेतले, कारण ज्यांनी घेतलेच नाही तेही तुलनेत मोजलेले आहेत. प्राध्यापक दोन्ही मुद्दे फळ्यावर लिहितात, निकाल देत नाहीत, आणि गृहपाठ सांगतात : तुमच्या देशाच्या अर्थमंत्र्यांनी सूक्ष्मकर्ज संस्थांना अनुदान द्यावे की नाही, यावर शिफारस लिहून आणायची, मर्यादा दोन पानांची, आणि तक्ता एकच.