ए समरी

(दृश्य: मरीन लाइन्स, पहाट. फक्त समुद्राचा आवाज.)

पहाटेचे पाच वाजलेत. मरीन लाइन्सवरून सुरुवातीच्या लोकल निघून गेल्यात. या बाजूला समुद्र, त्या बाजूला धोबीतलावकडे जाणारे रस्ते. ऑक्टोबर २००६ ते जानेवारी २००७. या चार महिन्यांत चर्चगेट ते मरीन लाइन्सच्या पट्ट्यात आणि आसपास एकामागून एक सात पुरुषांचे खून झाले. मृतदेहाशेजारी बिअरची बाटली सापडल्याच्या बातम्या आल्या आणि न पाहिलेल्या खुन्याला नाव मिळालं. बिअर मॅन.

दक्षिण मुंबईच्या कुठल्याही फुटपाथवर रात्री शोधलं तर बिअरची रिकामी बाटली सापडेल. पण नाव एकदा चिकटलं की त्याच्याभोवती गोष्ट तयार व्हायला वेळ लागत नाही. खुनी एकच असणार. तो आधी बिअर पाजत असणार. मग तो या पुरुषांना कशासाठी गाठत असेल? इथून चर्चा वळली ती मारल्या गेलेल्यांकडे. ते समलिंगी होते का, याचे अंदाज छापून आले. पोलीसही त्या दिशेने पाहतायत, असं लिहिलं गेलं.

तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लागू होतं. ते सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द झालं ६ सप्टेंबर २०१८ ला, म्हणजे अकरा-बारा वर्षांनी. २००६ मध्ये हा अंदाज म्हणजे मेलेल्या माणसावर गुन्ह्याचा आरोप होता, आणि उत्तर द्यायला तो नव्हता. गावी त्याची आई असेल, बायको असेल. मुलगा गेल्याची बातमी आणि त्याच्याबद्दलची कुजबुज त्यांच्या दारात बरोबरच पोचली असेल. शिवाय त्या रात्रींत त्या रस्त्यांवर ज्यांनी खरोखर काही पाहिलं असेल, त्यांतला कोण पुढे आला असता? पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येणार, तू तिथे काय करत होतास? साक्षीदार घाबरून घरी बसायला एवढं पुरेसं आहे.

जानेवारी २००७ मध्ये एक माणूस पकडला गेला. त्याची नार्को चाचणी झाली, म्हणजे औषधाच्या गुंगीत त्याला प्रश्न विचारले गेले. ‘बिअर मॅन सापडला’ असं शहराने मानलं. जानेवारी २००९ मध्ये सत्र न्यायालयाने एका खुनासाठी त्याला जन्मठेप दिली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. पुरावा टिकला नाही. पुढे ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाच्या मर्जीविरुद्ध अशी चाचणी करताच येत नाही.

त्याचं नाव मी घेणार नाही. शोधलंत तर तुम्हाला मिळेल. आजही ते नाव आणि ‘बिअर मॅन’ हे शब्द एकाच ओळीत येतात. सुटल्याचं वाक्य त्याखाली कुठेतरी असतं, आणि तिथपर्यंत वाचणारे थोडे.

(दृश्य: किंग्ज सर्कल, रात्र. पुलाखाली झोपलेली माणसं. चेहरे दिसत नाहीत.)

त्याच्याही वीस वर्षं आधीची गोष्ट. १९८५ ते १९८७. सायन, किंग्ज सर्कल, माटुंगा. रात्री फुटपाथवर एकट्याने झोपलेल्या माणसाच्या डोक्यात मोठा दगड घालून त्याला मारायचं. असे बारा बळी गेले. एक जण वाचला, उपाहारगृहात वेटर होता, पण अंधारात त्याला चेहरा दिसला नाही. मग १९८७ मध्ये हे खून अचानक थांबले. दोन वर्षांनी कलकत्त्यात तसेच खून सुरू झाले आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी दिलेलं ‘स्टोनमॅन’ हे नाव मागे येऊन मुंबईच्या प्रकरणालाही लागलं. दोन्हीकडे गुन्हा आजतागायत उघडकीला आलेला नाही.

खुनी तोच होता का, वेडा होता की मांत्रिकाच्या नादाला लागलेला, यावर आजही तासन्‌तास बोललं जातं. मारल्या गेलेल्यांपैकी कित्येकांची ओळखही पटली नाही. कचरा वेचणारे, भीक मागणारे, दिवसभर राबून रस्त्यावर पाठ टेकणारे. ज्याने मारलं त्याला आपण दोन शहरांमिळून एक नाव दिलं. ज्यांना मारलं त्यांची नावं आपल्याजवळ नाहीत. मला हे फार लागतं, म्हणून ते या फिल्ममध्ये आहे.

(दृश्य: पोलीस ठाण्याचा व्हरांडा, बाकडं, फायलींचे गठ्ठे.)

तपासात कोणती गोष्ट गुप्त का ठेवतात, हे बाहेर फारसं कुणी समजावून सांगत नाही. एक उदाहरण घेऊ. घरात खून झालाय. घरातून नेमकी कोणती वस्तू गेली, वार कशाने झाले, हे दोघांनाच ठाऊक असलं पाहिजे: तपास अधिकाऱ्याला आणि मारणाऱ्याला. पोलिसांसमोर दिलेली कबुली आपल्याकडे पुरावा ठरत नाही, १८७२ च्या पुरावा कायद्यापासून ठरत नाही, आणि १ जुलै २०२४ ला नवा कायदा आला त्यातही ठरत नाही. पण आरोपी पंचांसमोर म्हणाला, ‘चला, हत्यार कुठे टाकलंय ते दाखवतो’, आणि तिथे ते निघालं, तर तेवढा भाग कोर्टात चालतो. मात्र ती जागा तोवर कुणालाच माहीत नसावी लागते. ती आदल्या रात्री चॅनेलवर दिसली असेल तर आरोपीच्या वकिलाला फार कष्ट पडत नाहीत.

ओळख परेडचंही तसंच. रांगेत उभ्या असलेल्या माणसांतून साक्षीदाराने एकाला ओळखायचं असतं. मुंबईत आरोपीला नेताना त्याच्या डोक्यावर काळं फडकं किंवा बुरखा टाकतात तो यासाठी. लोकांना वाटतं, पोलीस त्याची लाज राखतायत. खरं तर ते आपली केस राखत असतात. त्याचा फोटो सगळ्या मोबाइलवर फिरला असेल, तर साक्षीदाराने त्या रात्रीचा माणूस ओळखला की सकाळचा फोटो, हे कोण सांगणार?

आणि टॉवर डंप. घटनेच्या वेळी त्या टॉवरच्या टप्प्यात असलेले सगळे नंबर. दादरसारख्या ठिकाणी ती यादी हजारांत जाते. त्यात नोकरीवरून परतणारे आहेत, घरच्यांना न सांगता कुणाला भेटायला आलेले आहेत, वरच्या मजल्यावर औषध घेऊन पडलेले आजोबा आहेत. त्यांतल्या शंभर जणांना ठाण्यात बोलावलं, तर त्यातला एखादा गुन्हेगार असेल, किंवा एकही नसेल. जबाब नोंदवायला बोलावणं हे तपासातलं रोजचं काम आहे. पण सोसायटीच्या ग्रुपवर संदेश जातो: ‘बी विंगमधल्याला पोलीस घेऊन गेले.’ सोबत गेटवरच्या सीसीटीव्हीचं चित्रण, त्याच्या डीपीचा स्क्रीनशॉट. तो संध्याकाळी घरी येतो तेव्हा लिफ्टमध्ये कुणी त्याच्याशी बोलत नाही.

(दृश्य: कोरा पडदा.)

इथे मला एका चाळीबद्दल बोलायचं आहे. मी तिथे वाढले. चाळ गिरणगावात होती, एवढंच सांगते.

तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. एका सकाळी त्यांचं दार उघडलं नाही. दुपारी कडी तोडली. मी तेव्हा शाळेत होते. पंचनामा हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि पंच व्हायला चाळीतला एकही पुरुष तयार नव्हता, हेही मला आठवतं.

पोलिसांनी सगळ्यांना विचारलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाला तीन दिवस रोज बोलावलं, कारण त्याची रात्रपाळी असायची आणि तो पहाटे जिना चढायचा. चौथ्या दिवशी सांगितलं, आता यायची गरज नाही. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. त्याला अटक झाली नाही.

पण चाळीचा निकाल लागला होता. त्याची आई नळाला पाणी आलं की हंडे घेऊन यायची तेव्हा बायका बोलायच्या थांबायच्या. संक्रांतीला तिला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. बहिणीचं ठरत आलेलं लग्न फिसकटलं, मुलाकडच्यांना कुणीतरी कळवलं होतं. गॅलरीतून तो जाताना आम्ही पोरं एकमेकांना कोपर मारायचो. मीही मारलं आहे. दीड वर्षाने ते कुटुंब बिऱ्हाड हलवून गेलं. ‘बघा, गेला की नाही,’ असं चाळ म्हणाली. राहिला असता तर ‘निर्लज्ज आहे’ म्हणाली असती.

कोर्टात खटला चालला असता तर वकील बोलला असता, साक्षी झाल्या असत्या, शेवटी न्यायाधीशांनी म्हटलं असतं, निर्दोष. ज्याच्यावर खटलाच झाला नाही, त्याने निर्दोष सुटायचं कसं? कुठल्या कोर्टात अर्ज करायचा?

(दृश्य: मुंबई उच्च न्यायालयाची इमारत, ओव्हल मैदानाच्या बाजूने.)

या शहराने २०२० मध्ये बांद्र्यातल्या एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर काय पाहिलं, ते सगळ्यांना आठवतं. सोसायटीच्या गेटवर कॅमेरे, गाड्यांचा पाठलाग, खासगी चॅट पडद्यावर, आणि रात्री नऊला निवाडा. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलेल्यांत निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकारीही होते. १८ जानेवारी २०२१ ला न्यायालयाने निकाल दिला. तपास चालू असताना मृताचं किंवा संशयिताचं चारित्र्यहनन नको, साक्षीदारांच्या आणि कुटुंबीयांच्या मुलाखती नकोत, पोलिसांपुढच्या कथित कबुलीचे कार्यक्रम नकोत, गुन्ह्याचा नाट्यप्रवेश नको. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं की पोलिसांनी माध्यमांना काय आणि किती सांगावं, याची नियमावली तीन महिन्यांत तयार करा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे तर नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ लाच सांगून ठेवलं होतं.

मेलेल्या माणसाच्या खासगीपणाबद्दल मात्र कायदा अजून चाचपडतो आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेली स्त्री हयात नसली तरी तिचं नाव उघड करू नका, मृतांनाही प्रतिष्ठा असते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये म्हटलं. आणि खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं. या दोन्हींच्या मधल्या जागेत खून झालेल्या माणसाच्या डायऱ्या, फोटो, मैत्री, कर्जं सगळं उघडं पडलेलं असतं. जिवंतपणी कुलूपबंद कपाटात ठेवलेल्या गोष्टी तपास अधिकाऱ्याला पाहाव्याच लागतात, त्याला इलाज नाही. त्या शेजारच्या गल्लीत कळायला हव्यात, असं मात्र कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

आणि हे निकाल पोचतात ते चॅनेलपर्यंत, फार तर पोलीस आयुक्तालयापर्यंत. चाळीच्या नळापर्यंत कोण पोचवणार?

मला माहितीय, उलट बाजूही आहे. लोक बोलले नाहीत तर काही फायली कपाटातून बाहेरच येणार नाहीत. गरिबाच्या खुनाकडे लक्ष वेधायला एखादा हट्टी वार्ताहर लागतो, आणि रोज ठाण्याची पायरी चढणाऱ्या आईला चारचौघांची साथ लागते. ‘तपास कुठवर आला?’ हा प्रश्न दहा वर्षांनीही विचारावा. ‘तोच असणार’ हे त्याचं उत्तर म्हणून घेऊ नये.

(दृश्य: जुनी कागदपत्रं, कडा पिवळ्या.)

मुंबई पोलिसांच्या भाषेत एक शब्द आहे, ए समरी. गुन्हा खरा आहे, पण शोध लागलेला नाही. खोट्या फिर्यादीला बी समरी. चुकीने किंवा गैरसमजातून नोंद झालेल्याला सी समरी. ए समरी न्यायालयाने मान्य केली की फाइल बंद होते. पुढे काही हाती लागलं तर ती उघडताही येते. त्या आजींच्या प्रकरणात ए समरीच झाली.

ही फिल्म करायचं ठरलं तेव्हा मी त्या तरुणाला शोधून काढलं. आता साठीला आलाय. मुंबईबाहेर असतो. कॅमेऱ्यासमोर येणार नाही म्हणाला, आवाजही देणार नाही. त्याच्या मुलीला यातलं काही माहीत नाही. मी फोनवर त्याला सांगितलं, ती केस ए समरीने बंद झाली होती. त्याला हा शब्दच माहीत नव्हता. अर्थ सांगितला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग विचारलं, त्यात माझ्याबद्दल काय लिहिलंय?

काही नाही. समरीच्या कागदात त्याच्याविरुद्ध एक ओळ नाही, आणि त्याचा यात काही संबंध नव्हता, अशीही एक ओळ नाही.

त्याला मी फिल्मचा कच्चा भाग ऐकायला पाठवला. चाळीच्या प्रसंगाखाली आम्ही तिथलाच आवाज लावला होता, मागच्या वर्षी जाऊन रेकॉर्ड केलेला. नळाखाली भरणारे हंडे, लाकडी जिन्यावरची पावलं, तळमजल्यावरची पिठाची गिरणी. रात्री अकराला त्याचा फोन आला. बाकी सगळं ठेवा म्हणाला, पण तेवढं काढा. त्या गिरणीच्या पट्ट्याला एक विशिष्ट खटका आहे. चाळीतलं कुणी ऐकेल तर ओळखेल.

आम्ही तो आवाज काढला. त्या प्रसंगापासून तुम्ही जो ऐकताय तो मरीन लाइन्सच्या समुद्राचा आहे.

(पडदा कोरा. समुद्राचा आवाज.)