पाचव्या विलेमची चित्रं आणि एक तोफ

(दृश्य: दालन. कॅमेरा जमिनीवरून छताकडे.)

चौकटीला चौकट भिडलेली आहे. दीडशेच्या आसपास चित्रं, पार छतापर्यंत. वरच्या ओळीतले चेहरे खालून धड दिसतही नाहीत, पण तेव्हाची पद्धतच ही होती. हेग शहरातलं, बाउटेनहॉफवरचं हे दालन पाचव्या विलेमनं 1774 मध्ये लोकांसाठी उघडलं. नेदरलँड्समधलं हे पहिलं सार्वजनिक चित्रदालन.

(दृश्य: विलेमचं व्यक्तिचित्र.)

हा विलेम. ऑरेंजचा प्रिन्स, पण राजा नव्हे. डच प्रजासत्ताकात स्टाटहाउडर हा प्रांतांचा नेमलेला कारभारी. 1747 मध्ये त्याच्या वडिलांच्या काळात ते पद सगळ्या प्रांतांत वंशपरंपरागत झालं आणि चारच वर्षांनी वडील गेले. तीन वर्षांचं पोर कारभारी झालं! मोठेपणीही राज्य चालवणं त्याला फारसं जमलं नाही. चित्रांची आवड मात्र खरी होती.

(दृश्य: ‘बैल’. आधी संपूर्ण चित्र, मग जवळून.)

पाउलस पॉटरनं 1647 मध्ये रंगवलेला हा बैल विलेमच्या वडिलांनी विकत घेतला होता. रुंदी जवळजवळ साडेतीन मीटर, जनावर खऱ्या मापाचं. पाठीभोवतीच्या माश्या बघा. खाली गवतात बेडूक आहे. शेणही सोडलेलं नाही. एरवी एवढा मोठा कॅनव्हास देवादिकांसाठी, नाहीतर लढायांसाठी राखलेला असे. पॉटरनं तो गोठ्यातल्या जनावराला दिला.

(दृश्य: स्खेवनिंगेनचा किनारा, वारा.)

1795 चा जानेवारी. नद्या गोठल्या आणि फ्रेंच सैन्य बर्फावरून चालत आत आलं. 18 तारखेला विलेम याच किनाऱ्यावरून मासेमारीच्या होडीत बसून इंग्लंडला निघून गेला. तिथल्या क्यूमधून त्यानं डच वसाहतींच्या गव्हर्नरांना पत्रं धाडली, ठाणी इंग्रजांच्या हवाली करा म्हणून. कुठे पत्र पुरलं, कुठे तोफा डागाव्या लागल्या. साधारण वर्षभरात दक्षिण आफ्रिकेतलं केप, कोचीन, कोलंबो इंग्रजांकडे गेलं.

(दृश्य: पुन्हा ‘बैल’, चौकटीचा कोपरा.)

चित्रं फ्रेंचांनी पॅरिसला नेली. हा बैल लूव्रमध्ये टांगला गेला. वॉटर्लूला नेपोलियन हरल्यावर, 1815 मध्ये, डचांनी आपला माल परत मागितला. सगळा मिळाला नाही, पण बैल मिळाला. आज तो जवळच मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. लुटीचा माल मूळ मालकाला परत द्यायचा असतो, हे युरोपला तेव्हाही चांगलं ठाऊक होतं. निदान मालक युरोपातला असेल तेव्हा.

(दृश्य: कोलंबो, राष्ट्रीय संग्रहालय. तोफेवर सरकता कॅमेरा.)

ही तोफसुद्धा विलेमच्याच संग्रहातली. ब्राँझवर सोन्याचांदीचं काम, माणकं जडवलेली. सिंहली कारागिरांचा हात. श्रीलंकेतल्या कँडी राज्याच्या राजाला ती त्याच्या एका सरदारानं नजर केली होती. 1765 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेनं राजवाडा लुटला, तेव्हा ती उचलली. अलीकडे अनेक वर्षं ती अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये होती. बैलाला परतायला वीस वर्षं लागली होती, तोफेला 258. डिसेंबर 2023 मध्ये ती श्रीलंकेत पोचली. सोबत दोन कास्तान, म्हणजे मानाच्या सिंहली तलवारी, एक सोन्याची आणि एक चांदीची, एक सुरा आणि दोन बंदुका.