लहान न होणाऱ्या गोष्टी

(दृश्य: रंग न दिलेली, पांढऱ्या प्लॅस्टिकची मोटारीची बॉडी. दाराच्या रेघेवरून एक टोकदार हत्यार हळूहळू सरकतंय.)

खऱ्या मोटारीचं दार लावल्यावर त्याच्या कडेला साधारण चार मिलिमीटरची फट उरते. तीच मोटार चोवीस पट लहान केली, तर ही फट ०.१७ मिलिमीटर भरायला हवी. मॉडेलच्या किटमधल्या, म्हणजे सुटे भाग जुळवून गाडी बनवायच्या संचातल्या, बॉडीवर ती बहुधा याहून रुंद असते, शिवाय उथळ. म्हणून रंगाची बाटली उघडण्याआधी हे काम हातात घ्यायचं. दार, बॉनेट, डिकी, पेट्रोलचं झाकण, प्रत्येकाची रेघ स्क्रायबरने, म्हणजे कोरायच्या टोकदार हत्याराने, खोल करत जायची, तिची रुंदी न वाढवता. उथळ रेघ प्रायमर (रंगाखालचा पहिला लेप) आणि रंगाच्या थरांनी बुजते आणि दार बॉडीला चिकटवून टाकल्यासारखं दिसतं. खोल रेघेत सावली उरते, आणि डोळ्याला दार खरं वाटतं ते त्या सावलीमुळे.

मोटारीचं मॉडेल करायचं म्हणजे मोठी वस्तू लहान करायची, असं कुणालाही वाटेल. आकार लहान करता येतोच, पण रंगाचा थर लहान होत नाही. कापडाची वीण, धुळीचा कण, प्रकाश, यांतलं काहीच लहान होत नाही. वजन तर उलट हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त घटतं. या छंदातलं बहुतेक सगळं कसब या हट्टी गोष्टींना वळणावर आणण्यात आहे.

(दृश्य: एकाच मोटारीची दोन मॉडेल शेजारी शेजारी.)

या दोन्ही एकाच मोटारीच्या प्रतिकृती आहेत. डावीकडची १:२४, उजवीकडची १:२५. खरी मोटार ४.८ मीटर लांब असेल, तर पहिली भरते २० सेंटिमीटर आणि दुसरी १९.२. आठ मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण एकाच फळीवर ठेवल्यावर तो लपत नाही. १:२४ हे प्रमाण फूट-इंचाच्या हिशेबातून आलं, एका फुटाला अर्धा इंच. १:२५ रुजलं ते अमेरिकेत. तिथे नव्या मोटारींच्या जाहिरातीसाठी विक्रेत्यांकडे प्लॅस्टिकच्या तयार प्रतिकृती यायच्या. १९४८ मध्ये सुरू झालेली एएमटी ही कंपनी अशा प्रतिकृती बनवायची. पुढे १९५८ मध्ये तिने सुट्या भागांचे किट आणले. एकाच खोक्यातून तीन तऱ्हांनी गाडी जुळवता यायची, कारखान्यातून निघाली तशी, शर्यतीची, किंवा आपल्या आवडीने बदललेली. मुलांच्या हाती हवे ते भाग निवडायचं स्वातंत्र्य आलं, आणि हा छंद खऱ्या अर्थाने तिथून पसरला असं मला वाटतं.

मोजमापाच्या हट्टाचं एक उदाहरण मात्र जपानचं. शिझुओकाच्या टामिया कंपनीला १:१२ प्रमाणात पोर्शे ९३४ चं, म्हणजे पोर्शे ९११ च्या शर्यतीच्या रूपाचं, किट काढायचं होतं. ते १९७६ मध्ये बाजारात आलं. त्याच्या तयारीत कंपनीने एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी केली. कुठला भाग कशाला जोडलाय, कुठून काय जातं, हे कळायला दुसरा तितका भरवशाचा मार्ग नव्हता. किट जुळवणाऱ्याला हा सगळा खटाटोप दिसत नाही. त्याला एवढंच जाणवतं की भाग जागच्या जागी बसताहेत.

(दृश्य: प्लॅस्टिकच्या चौकटीतले भाग. कटरने एक भाग सोडवला जातो.)

किटचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात. वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने साच्यात शिरतं, आणि त्याच्या खुणा मागे राहतात. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे बारीक रेघ उमटते. जाड भाग थंड होताना आक्रसतो आणि वर खळगा पडतो. भाग ज्या पिनांनी साच्याबाहेर ढकलला, त्यांचे गोल ठसेही राहतात. रेघ घासून काढायची, खळगे पुट्टीने भरायचे. छपराच्या कडेवर किंवा चाकाच्या कमानीवर ही रेघ राहिली, तर चकचकीत रंग तिला लपवत नाही, उलट दाखवून देतो.

जोडणीसाठी जे पातळ सिमेंट वापरतात, ते खरं तर चिकटवतच नाही. ते प्लॅस्टिक विरघळवतं, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, धातू आणि रेझिनला चालतो. काचेजवळ तो वापरू नये. त्याची वाफ पारदर्शक भागावर पांढरट धुकं सोडते.

काचेचं गणितही पाहा. खऱ्या गाडीची समोरची काच असते पाच-सहा मिलिमीटर जाड. किटमधली काच एक मिलिमीटर असली, तर मोठ्या गाडीच्या हिशेबाने ती चोवीस मिलिमीटरची झाली. काठावर प्रकाश वाकतो आणि सगळा भ्रम फिटतो. ज्यांना हे खुपतं ते पातळ पारदर्शक शीट कापून नवी काच बसवतात. मूळ काचच ठेवायची असेल तर तिच्या कडा आतून काळ्या रंगवाव्यात. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

(दृश्य: एअरब्रशने बॉडीवर लाल रंगाचा पातळ हात.)

आता रंग. या छंदातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे, त्यामुळे इथे थोडं थांबू.

कारखान्यात मोटारीला दिलेल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन होतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चोवीसने भागलं तर उरतात चार-पाच मायक्रॉन. इतका पातळ थर हाताने देणं शक्य नाही. प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट, म्हणजे चकाकणारा पारदर्शक थर, मिळून पन्नास मायक्रॉन सहज होतात, म्हणजे खऱ्या गाडीवर सव्वा मिलिमीटरचा लेप. कडा बोथट होतात, नावाची उठावदार अक्षरं फुगतात. म्हणून एअरब्रशचा, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाचा, आग्रह. रंग पुरेसा पातळ करून पहिला हात नुसता शिंतोड्यासारखा, मग दोन-तीन पातळ ओले हात, प्रत्येकानंतर सुकायला वेळ. घाईने दिलेला एक जाड हात तीन पातळ हातांची जागा घेऊ शकत नाही.

मेटॅलिक रंगात अडचण आणखी वाढते. खऱ्या मोटारीच्या रंगातला अ‍ॅल्युमिनियमचा २० मायक्रॉनचा कण मॉडेलवर तसाच आला, तर तो जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरच्या चकतीइतका वाटतो. गाडीवर चमकी उधळल्यासारखी दिसते. मोटारीच्या दुकानातून तोच रंग आणला तरी मॉडेल तसं दिसत नाही, त्याचं कारण हे. मॉडेलसाठीच्या रंगात भुकटी मुद्दाम बारीक ठेवलेली असते. शिवाय लहान वस्तूवर तीच छटा गडद भासते, म्हणून बरेच जण मूळ रंगात थोडा पांढरा मिसळतात. मला गडद लाल आणि गडद निळ्या गाड्यांवर हे पटतं, पिवळ्यावर गरज वाटत नाही.

क्लिअर कोट सुकल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. मग पॉलिशचं काम सुरू होतं. ३०००, ४०००, ६००० असं करत १२००० ग्रिटपर्यंतचं कापड, पाणी लावून. त्यानंतर कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट. दाराच्या कडा आणि बॉनेटची धार इथे हात आवरायचा, कारण तिथला रंग सगळ्यात पातळ असतो आणि दोन घासण्यांत खालचं प्रायमर उघडं पडतं. दोन घटक मिसळून वापरायचा क्लिअर कोट काचेसारखी चमक देतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना घातक आहे. तो वापरायचा असेल तर रसायनांसाठीचा योग्य मास्क आणि हवा बाहेर काढणारा पंखा दोन्ही हवेतच. यात तडजोड नाही.

(दृश्य: खिडकीच्या पट्टीवर चंदेरी फॉइल दाबून बसवली जाते. नव्या ब्लेडने कडा कापली जाते.)

खिडक्यांभोवतीच्या क्रोमच्या पट्ट्या रंगाने जमत नाहीत. त्यासाठी मागे चिकट लेप असलेली अतिशय पातळ धातूची फॉइल मिळते. ती पसरायची, लाकडी काडीने कोपऱ्यांत दाबायची आणि नव्या ब्लेडने, जोर न देता, कडेने कापायची. ब्लेड जुनं असेल तर फॉइल फाटते. किटमधले बंपर आधीच चकचकीत असतात, पण त्यांची चमक अनेकदा खेळण्यासारखी वाटते. तो थर ब्लीचमध्ये बुडवून उतरवता येतो. मग खाली चकचकीत काळा रंग आणि वर क्रोमचा पातळ लॅकर दिला, की धातूला खोली येते.

(दृश्य: इंजिन. चिमट्यात केसासारखी बारीक वायर.)

स्पार्क प्लगची वायर सात-आठ मिलिमीटर जाड असते. चोवीस पट लहान केली की ०.३ मिलिमीटर. प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर हाताच्या ड्रिलने आठ भोकं पाडायची, नववं मधोमध, कॉइलच्या वायरसाठी. त्यानंतर कुठली वायर कुठल्या सिलिंडरला न्यायची हा प्रश्न येतो. फोर्डच्या २८९ व्ही-८ या आठ सिलिंडरच्या इंजिनाचा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम आहे १-५-४-२-६-३-७-८. हे इंजिन कधी सुरू होणार नाही. तरीही क्रमाने वायरी लावल्या की त्या खऱ्या इंजिनातल्यासारख्या एकमेकींना ओलांडून जातात. मनाने लावल्या तर त्या नको तितक्या शिस्तीत पडतात. त्यामुळे माहिती नसलेल्या डोळ्यालाही काहीतरी खटकतं. या छंदातला मला सगळ्यात आवडणारा तास हाच.

आत, सीटच्या पट्ट्यांना खऱ्या रिबिनीचा मोह होतो. पण रिबिनीचा धागा लहान होत नाही, या आकारात तो दोरखंडासारखा दिसतो. रंगवलेली मास्किंग टेप किंवा पातळ शिशाचा पत्रा जास्त खरा वाटतो आणि सीटवर नीट लवंडतो. बकल मात्र कोरीव पितळेच्या पत्र्याचं हवं. कार्बन फायबरच्या डेकलचं, म्हणजे विणीचं चित्र छापलेल्या पातळ चिकटपट्टीचंही तसंच, वीण जितकी बारीक तितकं बरं. ती पटकन नजरेत भरत असेल तर ती मोठी आहे असं समजावं.

(दृश्य: फिकट निळी, नारिंगी पट्ट्याची शर्यतीची गाडी. बाजूला जुन्या फोटोंची चळत.)

शर्यतीची गाडी करायची तर आधी दिवस ठरवावा लागतो. फोर्ड जीटी४० च्या पी/१०७५ या एकाच चॅसिसने, म्हणजे एकाच गाडीने, फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत लागोपाठ दोनदा जिंकली. १९६८ मध्ये तिच्यावर ९ हा आकडा होता, चालवणारे पेद्रो रोद्रीगेझ आणि ल्यूसियँ बियांकी. १९६९ मध्ये आकडा ६, आणि चालवणारे जॅकी इक्स आणि जॅकी ऑलिव्हर. गाडी तीच, रंगही त्याच पठडीतले, पण एका वर्षाच्या खुणा दुसऱ्या वर्षाच्या गाडीवर लावून चालत नाही. शिवाय सुरुवातीची गाडी करायची की शेवटची? चोवीस तासांनंतर नाकावर किडे चिकटलेले असतात, चाकांच्या मागे रबराचे डाग आणि रिमवर ब्रेकची काळी भुकटी.

आणि इथे धूळ आडवी येते. खरा ५० मायक्रॉनचा कण मॉडेलवर सव्वा मिलिमीटरच्या खड्यासारखा भासतो. म्हणून मळ दाखवायला खरी माती न वापरता दळलेली रंगभुकटी घेतात, तीही कोरड्या ब्रशने, अगदी चिमूटभर. मळ आधी जिथून हवा वाहते तिकडे लागतो आणि चालकाच्या हाताखालून पुसला जातो. फोटो समोर नसेल तर हे काम सुरूच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वजनाचं सांगायचं राहिलं. लांबी चोवीस पट घटते तेव्हा वजन चोवीसच्या घनाने, म्हणजे १३,८२४ पट घटतं. १२०० किलोची मोटार उरते जेमतेम ८७ ग्रॅम. खऱ्या गाडीचं टायर जमिनीवर दबतं आणि बाजूने किंचित फुगतं. मॉडेलचं तसंच गोल राहतं, आणि गाडी तरंगल्यासारखी दिसते. टायरचा खालचा भाग पॉलिश पेपरवर थोडासा सपाट केला की गाडी बसते. मऊ व्हिनाइलच्या टायरमधलं तेलकट द्रव्य काही वर्षांनी पॉलिस्टायरीनचं रिम खाऊन टाकतं, तेव्हा त्यांच्या मध्ये फॉइलची पट्टी घालून ठेवावी.

(दृश्य: काळ्या कागदावर ठेवलेलं पूर्ण मॉडेल. लेन्स टेबलाला जवळजवळ टेकलेली.)

शेवटी प्रकाश. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.६ मीटरवर असतात. या मॉडेलसाठी ती उंची झाली पावणेसात सेंटिमीटर. वरून काढलेल्या फोटोत गाडी खेळणं वाटते, या उंचीवरून काढला तर रस्त्यावर उभी वाटते. जवळून फोटो घेताना पुढचा दिवा स्पष्ट आणि मागचं चाक धूसर येतं, आणि त्या धूसरपणानेच वस्तू लहान असल्याचं कळतं. त्यावर उपाय म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करायचं, कॅमेरा तिपाईवर ठेवायचा आणि थोडं लांबून फोटो घ्यायचा. दिवा एकच ठेवायचा, कारण सूर्य एकच आणि सावलीही एकच.

हा फोटो मोठ्या पडद्यावर उघडला की डोळ्याला न दिसलेलं सगळं दिसतं. वायपरखाली राहिलेला गोंदाचा ठिपका. डाव्या आरशाचा कोन. आणि हे पुढचं उजवं चाक, जमिनीपासून अर्धा मिलिमीटर वर. म्हणजे मोठ्या गाडीवर बारा मिलिमीटर. गाडी काचेच्या तुकड्यावर ठेवून तपासायची, चाक सोडवायचं, अ‍ॅक्सल किंचित वाकवायचा आणि पुन्हा बसवायचं.