शेजारची सीट : लंडन ते सिडनी, मुंबईमार्गे

(दृश्य : जुन्या रॅली गाडीचा डॅशबोर्ड, अगदी जवळून. ट्रिपमीटरचे आकडे फिरताहेत.)

हे यंत्र नीट बघून घ्या. हाल्डा ट्विनमास्टर. बनावट स्वीडनची. स्पीडोमीटरच्या केबलला जोडायचं, आत दातेरी चाकं. अंतराची खाती दोन : एकात टप्पा सुरू झाल्यापासूनचं अंतर, दुसऱ्यात मागच्या खुणेपासूनचं. खूण गेली की दुसरं खातं बोटाने शून्यावर आणायचं. नवे टायर घातले की चाकाचा घेर बदलतो आणि आकडा सरकायला लागतो. म्हणून आधी मोजलेल्या रस्त्यावर गाडी चालवून बघायची आणि फरक पडला तर आतली दातेरी चाकं बदलायची.

त्याच्या बाजूला ह्यूअरची दोन घड्याळं. एक चालू वेळेचं, दुसरं स्टॉपवॉच.

हा सगळा संसार शेजारच्या सीटसमोर मांडलेला आहे. स्टिअरिंग धरणाऱ्याला तिकडे मान वळवायलाही सवड नसते.

(दृश्य : लंडन, क्रिस्टल पॅलेस. गर्दी, झेंडे, उतारावरून निघणाऱ्या गाड्या.)

24 नोव्हेंबर 1968, रविवार. लंडन–सिडनी मॅरेथॉन सुरू होते आहे. 98 गाड्या. युरोप ओलांडायचा, मग तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत. मुंबईहून बोटीने ऑस्ट्रेलिया आणि तिथे पर्थपासून सिडनीपर्यंत पुन्हा रस्ता. एकंदर सोळा हजार किलोमीटरच्या आसपास.

कल्पना लंडनच्या 'डेली एक्सप्रेस'चे मालक सर मॅक्स एटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. 1967 साली ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं होतं, देशात मरगळ होती. आपल्या गाड्या जगभर पळताना दिसाव्यात, हा त्यामागचा हेतू. सिडनीकडून सर फ्रँक पॅकर यांचं 'डेली टेलिग्राफ' सोबतीला आलं. पहिलं बक्षीस दहा हजार पौंड. मार्ग आखण्याचं काम जॅक सीअर्स यांच्याकडे. हे स्वतः शर्यतीत उतरलेले गृहस्थ, त्यामुळे कुठे माणूस दमतो आणि कुठे गाडी दमते, दोन्ही त्यांना ठाऊक.

(दृश्य : निघणाऱ्या गाड्यांच्या काचा. शेजारच्या सीटवर मांडीवर कागद घेतलेली माणसं.)

कॅमेरा ड्रायव्हरांच्या चेहऱ्यावर आहे. तुम्ही मात्र शेजारी बघा. मांडीवर फळी, फळीवर रोडबुक म्हणजे वाटेतल्या खुणा आणि अंतरं लिहिलेली वही, दातात पेन्सिल. हा को-ड्रायव्हर. जुन्या लोकांच्या बोलण्यात नेव्हिगेटर. रस्ता सांगणं हे त्याचं काम, असं आपण समजतो. ते त्याच्या कामातलं एक काम झालं.

इथला नियम साधा आणि निर्दयी आहे. प्रत्येक टप्प्याला ठरलेली वेळ. कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवायच्या नाक्यावर, एक मिनिट उशीर, एक गुण दंड. ज्याचे गुण कमी, तो जिंकला. टाइम कार्डावर मार्शलकडून वेळ टाकून घ्यायची, ती बरोबर आहे का हे तिथल्या तिथे तपासायचं, कार्ड जपायचं. सीमेवर पासपोर्ट, गाडीचे कागद. पेट्रोल कुठे मिळेल, पुढचा पंप किती लांब, त्याचा हिशेब. ड्रायव्हर झोपेला आला की स्वतः स्टिअरिंग घ्यायचं, आणि तो उठला की पुन्हा कागदात डोकं घालायचं. धावत्या, उडत्या, हेलकावणाऱ्या गाडीत बारीक अक्षर वाचत बसणं म्हणजे काय, हे एसटीच्या मागच्या सीटवर बसून घाटात पुस्तक वाचून बघितलेल्यालाच कळेल.

(दृश्य : 1955, इटली. चंदेरी मर्सिडीज, दारावर 722.)

ही विद्या इथपर्यंत आली कशी, ते सांगायला तेरा वर्षं मागे जावं लागेल.

मिल्ले मिल्या. ब्रेशिया ते रोम आणि परत ब्रेशिया, सुमारे सोळाशे किलोमीटर, सगळी गावाशहरांतल्या नेहमीच्या रस्त्यांवरून. गाडीवरचा आकडा म्हणजे निघण्याची वेळ : सकाळी सात बावीस. स्टिअरिंगवर स्टर्लिंग मॉस, वय पंचवीस. शेजारी दाढीवाला, अंगाने लहानसा पत्रकार डेनिस जेंकिन्सन. जेंक्स.

नुसता पत्रकार म्हणून ओळख करून दिली तर अन्याय होईल. 1949 मध्ये एरिक ऑलिव्हरच्या साइडकारमध्ये बसून तो जगज्जेता झाला होता. दुसऱ्याच्या हातात वेग आणि आपल्या हातात तोल, हे त्याला नवं नव्हतं.

(दृश्य : धातूची चपटी पेटी, काचेसारखी खिडकी, आत कागदाची गुंडाळी.)

मॉस आणि जेंक्स शर्यतीआधी त्या रस्त्यावरून पुन्हा पुन्हा फिरले. कुठलं वळण फसवं, कुठला चढ असा की पलीकडे रस्ता सरळ आहे म्हणून पाय उचलायचा नाही, कुठे रेल्वेचं फाटक. सगळं उतरवलं. मग ते सुमारे 18 फूट लांबीच्या कागदावर लिहून काढलं आणि जन्मपत्रिकेसारखी त्याची गुंडाळी केली. ती या पेटीत. वर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, बाजूला फिरवायची खुंटी. पाऊस आला तरी कागद भिजू नये म्हणून सांधे चिकटपट्टीने बंद केलेले. मूळ युक्तीत अमेरिकन ड्रायव्हर जॉन फिच याचाही वाटा होता. त्याने मोकळ्या मनाने जेंक्सला मॉसबरोबर जाऊ दिलं, हेही इथे नोंदवायला हवं.

उघडी गाडी, इंजिनाचा गडगडाट, बोलणं ऐकू येणं शक्य नाही. म्हणून हातवारे ठरवले. जेंक्सने खूण करायची, मॉसने मान हलवायची. समोर उंचवटा, पलीकडचं काही दिसत नाही, गाडी ताशी अडीचशेच्या वर, आणि शेजारचा माणूस हाताने सांगतोय : सरळ आहे, सोडू नकोस. मॉसने सोडलं नाही. वाटेत जेंक्सला उलटी झाली, वाऱ्याने चष्मा उडून गेला. खिशात दुसरा होता. तो लावून त्याने पुढची ओळ वाचली.

10 तास 7 मिनिटं 48 सेकंद. ताशी सरासरी 157 किलोमीटरहून जास्त. हा वेग त्या शर्यतीत पुन्हा कुणी गाठला नाही. तशीच दुसरी मर्सिडीज घेऊन फॉर्म्युला वनचा जगज्जेता फांजिओ एकटाच निघाला होता, शेजारची सीट रिकामी. तो दुसरा आला, अर्ध्या तासाहून अधिक मागे. फांजिओला चालवायला शिकवावं असा माणूस तेव्हा जगात नव्हता. आमच्या मते या अर्ध्या तासातला मोठा हिस्सा त्या गुंडाळीचा आहे.

(दृश्य : बॉस्फरसवरची फेरीबोट, गाड्या रांगेत.)

पुन्हा 1968. इस्तंबूलला तेव्हा पूल नव्हता, आशियात शिरायचं ते फेरीबोटीने. इथून पुढे को-ड्रायव्हरचा इलाखा.

तुर्कस्तानात सिवास ते एर्झिंजान. पावणेतीन तास दिलेले आणि वाटा दोन : एक लांबची, बरी. दुसरी जवळची, दगडधोंड्यांची. कुठली घ्यायची, हे ठरवायचं नकाशावाल्याने. तेहरानच्या पुढे पुन्हा तोच पेच. काबूलपर्यंत सुमारे 2400 किलोमीटर. एल्बुर्झ डोंगर ओलांडून कॅस्पियनच्या काठाने जायचं, की दक्षिणेकडून मिठाच्या वाळवंटाची कड धरायची? इथे ड्रायव्हरचं कौशल्य कामाचं नाही. चुकीची वाट पकडून कितीही जोरात हाणली, तरी ती चुकीचीच.

(दृश्य : काबूल, पहाट. धुळीच्या ढगातून वर चढणारे दिवे.)

काबूलला सक्तीची विश्रांती होती, कारण खैबर खिंड रात्री बंद असे. पहाटे निघाले ते लताबंद खिंडीच्या जुन्या रस्त्याने. सरोबीपर्यंत एक तास. पुढच्या गाडीची धूळ खाली बसायच्या आत मागची गाडी तिच्यात शिरते. दृश्य पुरेसं लांब आहे, मुद्दाम कापलेलं नाही. बाहेर काहीच दिसत नाही, तेव्हा आत काय चाललं असेल ते ओळखा : ट्रिपमीटरवरचा आकडा, कागदावरची खूण, आणि मोठ्याने म्हटलेलं एक वळण.

(दृश्य : भारतातले रस्ते. दुतर्फा माणसं, झाडांवर पोरं, हात हलवणारे शेतकरी.)

आणि हा आपला देश. गाडी जाण्यापुरती फट सोडून दोन्ही बाजूंनी माणसं. पोरं पुढे येतात, कुणीतरी मागे ओढतं. या गर्दीतून वेळेवर निघायचं होतं, आणि कुणालाही धक्का लागू द्यायचा नव्हता.

(दृश्य : मुंबई बंदर. यारीने उचललेली गाडी हवेत झुलते आहे. मागे पांढरी बोट.)

लंडनपासून सुमारे अकरा हजार किलोमीटर करून गाड्या मुंबईला पोचल्या. पी अँड ओ कंपनीची 'चुसान' बोट उभी होती. जागा 70 गाड्यांपुरती. पहिल्या क्रमांकावर फोर्ड लोटस कॉर्टिना : रॉजर क्लार्क आणि ओव्हे अँडरसन. हिलमन हंटर ही ब्रिटिश गाडी सहावी.

5 डिसेंबरला पहाटेच्या अंधारात बोट निघाली. प्रवासात गाडीला कसलीही दुरुस्ती केली तर स्पर्धेतून बाद. पाना हातात घ्यायला मनाई होती, नकाशे पसरायला नव्हती. पुढे ऑस्ट्रेलियात कंट्रोल कुठे होते, त्यांची नावं ऐका : युआन्मी, मार्व्हल लॉक, लेक किंग, सेडुना, ब्राचिना, मिंगारी, गनबार, ओमिओ. यातली कित्येक गावं म्हणजे चार घरं किंवा बंद पडलेली खाण. ती रात्री, वेळेत, मातीच्या फाट्यांमधून शोधायची.

(दृश्य : लाल मातीचा सरळ रस्ता, हेलिकॉप्टरमधून. मग डोंगर.)

14 डिसेंबरच्या संध्याकाळी पर्थहून सुरुवात. सिडनीपर्यंत तीन रात्री सलग.

क्लार्कच्या इंजिनाने दगा दिला. संघातल्याच दुसऱ्या गाडीचं हेड काढून त्याच्या गाडीला बसवलं. पुढे डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोचवणारा भाग, गेलं. आघाडी सित्रोएनकडे आली : ल्युसियँ ब्यांकी आणि जाँ-क्लोद ओजिए. दोघंच, तिसरा नाही. एकाने चालवायचं, दुसऱ्याने वाचायचं, आणि दोघांपैकी कुणीतरी झोपायचं.

हिलमन हंटरमध्ये तिघं होते. स्कॉटलंडचा शेतकरी अँड्र्यू कोवन, त्याचा नेहमीचा साथीदार ब्रायन कॉइल आणि त्याच वर्षी ब्रिटिश रॅली विजेता ठरलेला कॉलिन मॅल्किन. तिसऱ्या माणसाचं वजन गाडी वाहते, पण तो झोपेचा हिशेब सोपा करतो. अँडरसन, ओजिए, कॉइल, मॅल्किन यांना आम्ही ड्रायव्हरच्या बरोबरीने मोजतो ते यासाठीच. गाडी वेळेवर असते, कारण तिच्यातला कुणीतरी एक जण जागा असतो.

(दृश्य : नाउराजवळचा रस्ता. चेपलेली सित्रोएन. निवेदन थांबते.)

सिडनी 158 किलोमीटरवर. समोरून आलेल्या मिनीशी टक्कर. स्टिअरिंगवर ओजिए होता. दोघंही इस्पितळात. ब्यांकी पुढच्या मार्चमध्ये ल मान्सच्या सरावात अपघातात मरण पावला.

(दृश्य : ऑस्टिन 1800 थांबलेली. धावणारी माणसं.)

अपघाताशी सगळ्यांत आधी पोचला पॅडी हॉपकर्क. त्याने गाडी थांबवली, आग विझवायला, जखमींना मदत करायला उतरला. विजयाची पर्वा केली नाही. ही गोष्ट त्याच्या नावावर सांगितली जाते आणि सांगायलाच हवी. मात्र गाडीत आणखी दोघं होते : टोनी नॅश आणि ॲलेक पूल. ते थांबणं तिघांच्याही वाट्याचं होतं.

मागून आलेल्या कोवनला इशारा झाला, सगळं ताब्यात आहे, जा.

(दृश्य : वॉरविक फार्म, सिडनी. हार, फोटो, हंटरच्या टपावर बसलेले तिघं.)

17 डिसेंबर. हिलमन हंटर 50 गुण. हॉपकर्क, नॅश, पूल 56. तिसरी फोर्ड फाल्कन, 62. 98 पैकी 56 गाड्या सिडनीला पोचल्या.

(दृश्य : आजची रॅली. हेल्मेट, इंटरकॉम, मांडीवर वही.)

आज जागतिक रॅली स्पर्धेत को-ड्रायव्हरचं विजेतेपद वेगळं दिलं जातं. भारतात गौरव गिल यांच्या राष्ट्रीय विजेतेपदांबरोबर त्यांचे को-ड्रायव्हर मुसा शरीफ यांचं नाव घ्यावं लागतं. पुण्याचे संजय टकले 2025 च्या डकार क्लासिकला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या रॅलीला, सौदीच्या वाळूत उतरले, तेव्हा शेजारी फ्रान्सचा मॅक्सिम रो होता. आपल्याकडच्या बातम्यांचे मथळे काढून बघा, त्यात हे दुसरं नाव किती वेळा सापडतं.

(दृश्य : 1977, पिवळसर रंगीत फिल्म. मर्सिडीज 280.)

1977 मध्ये लंडन–सिडनी पुन्हा झाली, आणखी लांबची. या खेपेला भारतातून बोट मद्रासहून निघाली, पेनांगला. अँड्र्यू कोवन तीही जिंकला. गाडी बदलली होती, कंपनी बदलली होती, देशही ओलांडायला वेगळे होते. माणसं निवडताना त्याने माइक ब्रॉडला घेतलं, आणि कॉलिन मॅल्किनला पुन्हा बोलावलं.