ळ हे अक्षर कुठे भेटते?
(अंगणवाडी सेविका आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

रंगांचे चित्रपुस्तक उघडले की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो 'हा कोणता रंग?' मूल 'लाल' म्हणते, आपण 'शाब्बास' म्हणतो आणि पान उलटतो. माझा आग्रह आहे की हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवावा. रंगाचे नाव मूल आज ना उद्या शिकेलच. या पुस्तकातून त्याला जी भाषा मिळू शकते, ती मात्र आपण घाई केली तर निसटते.

एक साधे पान घ्या. पिवळा आंबा, पिवळी हळद, पिवळे लिंबू. रंग एकच, पण शब्दाचे शेवट तीन. मुलाला लिंग समजावून सांगायचे नाही; ओळीखालून बोट फिरवत, सावकाश, रोज तेच पान वाचायचे. आठवडाभराने पुढच्या पानावर 'हिरवा पोपट, हिरवी…' म्हणून आपण थांबलो, तर मूल चित्राकडे पाहून 'मिरची' म्हणते. त्याच चित्रात पानही आहे, पण ते 'पान' म्हणत नाही, कारण 'हिरवी' या रूपाने त्याला वाट दाखवलेली असते. पुढचा शब्द असा अटकळीने गाठणे ही वाचनाचीच सुरुवात आहे.

लाल रंग मात्र हा नियम पाळत नाही. साडेतीन वर्षांच्या एका मुलीने मला चित्र दाखवून मोठ्या खात्रीने 'लाली टोपी' असे सांगितले होते. तिला कोणी असे शिकवले नव्हते. पिवळी, हिरवी, निळी ऐकून तिने नियम स्वतः शोधून काढला होता. अशा वेळी 'चूक' म्हणू नये. 'हो, लाल टोपी' एवढे म्हणून ओळ पुन्हा वाचावी.

आता अक्षरांकडे येऊ. ळ हे अक्षर मराठी शब्दाच्या आरंभी येत नाही, म्हणून तक्त्यावर 'ळ बाळाचा' म्हणावे लागते आणि मुले गोंधळतात. रंगांच्या पुस्तकात मात्र ते पानोपानी भेटते: काळा, निळा, पिवळा, जांभळा. शेवटचा 'ळा' थोडा लांबवून म्हटला की मुलांच्या कानाला यमक सापडते, आणि मग तो आवाज कोणत्या आकाराचा आहे हे दाखवायला वेळ लागत नाही. टाळ्यांचा खेळ, म्हणजे शब्द बोलताना ऐकू येणाऱ्या प्रत्येक तुकड्याला एक टाळी, काळा आणि निळा यांपासून सुरू करावा, कारण तिथे दोन टाळ्या आणि दोनच अक्षरे आहेत; 'पिवळा' बोलताना 'व' आधीच्या 'पि'ला जोडला जातो (पिव्-ळा), टाळ्या दोनच वाजतात आणि अक्षरे मात्र तीन दिसतात. 'लाल' हा शब्दही फार गुणी आहे: त्यात काना असलेला आणि काना नसलेला ल शेजारी-शेजारी बसलेले आहेत.

पुस्तक महागच हवे असे नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला 1945 मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे जवळच्या कोसबाडला नेलेल्या बालशिक्षणाच्या कामात पाने, बिया, शंख-शिंपले हेच शिक्षणाचे साहित्य होते. आपल्या रंगांची नावेही बहुधा वस्तूंवरूनच आली आहेत: जांभळा, पोपटी, नारिंगी, अबोली, राखाडी. घरी वारली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला त्याच्या घरचा शब्द आधी विचारावा, तोही पानावर लिहावा आणि तितक्याच आदराने वाचावा.

जाड कागदाची आठ पाने शिवून घ्या. एका पानावर एकच रंग आणि त्या रंगाच्या तीन वस्तू, शक्य तर एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी, एक नपुंसकलिंगी. खाली मोठ्या अक्षरांत तीन ओळी. शेवटचे पान कोरे ठेवा. तिथे मूल जे काढेल त्याचे नाव त्याला विचारा, ते सांगेल तसेच त्याच्यादेखत लिहा, आणि दुसऱ्या दिवशी वाचनाची सुरुवात त्या पानापासून करा.