रोलर नट ओळखायचा कसा?

गिटारचा हेडस्टॉक (तारा ताणायच्या खुंट्यांचा, म्हणजे ट्यूनरचा भाग) आणि फ्रेटबोर्ड (बोटांनी तारा दाबायची पट्टी) यांच्या सांध्यावर नट असतो, तारा त्याच्यावरून जातात. तिथे धातू चमकला की पुष्कळ जण 'रोलर नट आहे' म्हणून मोकळे होतात. तिथे तीन चौकोनी ठोकळे आणि प्रत्येकावर अॅलन कीचा बोल्ट दिसला, तर तो लॉकिंग नट, फ्लॉइड रोझ या हलत्या ब्रिजच्या (तारांचं खालचं टोक पेलणाऱ्या भागाच्या) जोडीला येतो तो. त्याचं काम रोलर नटच्या बरोबर उलट. लॉकिंग नट तारेला जागेवर आवळून ठेवतो, रोलर नट तिला मुद्दाम सरकू देतो.

सरकू का द्यायचं? व्हामी बार (ब्रिज हलवणारी दांडी) खाली दाबला की वाजणाऱ्या तारेचा ताण उतरतो. नटच्या मागे, ट्यूनरच्या बाजूला ताण जास्त राहतो, म्हणून थोडी तार तिकडे खेचली जाते. बार सोडला की ती परत यायला हवी. नटच्या खाचेत अडकली तर वाजणाऱ्या भागावर ताण जास्त उरतो आणि सूर चढलेला राहतो. बेंड केल्यावर (तार बोटानं आडवी ताणल्यावर) याच्या उलट घडतं: मागची तार पुढे ओढली जाते, परतत नाही, सूर उतरतो. तेव्हा 'गिटार बेसूर होते' एवढ्यावर थांबू नका. कशानंतर होते आणि चढते की उतरते, ते बघा. बेंडनंतर उतरलेली तार नटच्या मागे बोटानं दाबल्यावर पुन्हा सुरात येत असेल, तर दोष नटमध्येच आहे. ट्यून करताना 'टिक्' वाजून सूर एकदम उडी मारत असेल, तरी संशय तिथेच घ्यायचा.

आता ओळख. तार नेमकी कशावर टेकते, ते भिंगातून पाहा. फेंडर कंपनीनं 1987 मध्ये आणलेल्या स्ट्रॅट प्लस गिटारवर विल्किन्सनचा रोलर नट होता. त्यात तारेखाली सुईसारखे बारीक दंडगोल असतात. पुढे फेंडरनं एलएसआर नावाचा रोलर नट वापरायला सुरुवात केली. त्यात प्रत्येक तारेला स्टीलच्या दोन बारीक गोळ्या असतात आणि तार त्यांच्या मधल्या खोबणीत बसते. नट दोन छोट्या स्क्रूंनी बसवलेला असतो. याखेरीज पिनेवर खाचेची चाकं ओवलेले साधे नटही मिळतात. त्यातली काही चाकं फिरतच नाहीत, नुसती शोभेची! टाचणीनं हलकेच ढकलून पाहा.

नटमध्ये रूळ (रोलर) असला म्हणजे सगळं सुटलं, असं मात्र मला वाटत नाही. ट्यूनरवर तारेचे ढिले वेढे असतील, ब्रिजची धार झिजली असेल किंवा स्ट्रिंग ट्री (हेडस्टॉकवर तार खाली दाबून धरणारी पकड) तारेला अडवत असेल, तर नट बदलून काही होणार नाही. दोन्ही बाजूंना तीन-तीन ट्यूनर असलेल्या हेडस्टॉकवर तार नटमधून बाहेर पडताच आडवी वळते. रूळ सरळ रेषेत फिरतो, त्या आडव्या वळणावर त्याचा उपयोग कमी. एका रांगेत सहा ट्यूनर आणि सरळ जाणाऱ्या तारा, हे त्याचं खरं घर. नादाची चर्चा मात्र उगाच लांबते. फ्रेट (फ्रेटबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) दाबलात की कंप फ्रेट आणि ब्रिजच्या दरम्यान होतो. नटचा फरक पडला तर तो मोकळ्या तारेत.

बदलायचाच असेल तर आधी मोजमाप घ्या: नेकची (गिटारच्या दांड्याची) रुंदी, पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर, नट बसतो त्या खाचेची जाडी. फेंडरची नेहमीची खाच सुमारे 3.2 मिलिमीटर असते. एलएसआरला तेवढी जागा पुरत नाही, लाकूड कापावं लागतं. कापलेलं लाकूड परत येत नाही, म्हणून जुनी आणि किमती नेक असेल तर मी हात आखडता घ्यायला सांगेन; तिथे ग्राफाइटचा किंवा नीट घासून बसवलेला हाडाचा नट बरा. एलएसआरची उंची तारेची खाच घासून कमी करता येत नाही, खाली पातळ पट्ट्या घालून किंवा काढून जुळवावी लागते. तारा बदलताना गोळ्यांवरची धूळ मऊ ब्रशनं झटका. तेल घालायचंच तर टाचणीच्या टोकावरचा एक थेंब पुरे, जास्त झालं की त्यावर धूळच चिकटते.